टीव्हीवर घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायला जुने ऑस्करवाले हॉलिवूड सिनेमे सुचवा

कोथरूडची_सून

नमस्कार मंडळी. दिवाळीत घरात ५५ इंची टीव्ही आला, आणि त्यावर आजवर मालिका, क्रिकेट आणि सासऱ्यांचे शेअर बाजाराचे आकडे याशिवाय काही लागलेलं नाही. म्हणून शनिवारी रात्री सगळ्यांनी बसून एक जुना, नावाजलेला इंग्रजी सिनेमा बघायचा असा ठराव मी मांडला. तो चक्क पास झाला. आता निवड करायची जबाबदारी अर्थातच ठराव मांडणारीवर.

प्रेक्षकवर्ग असा. सासरे ७६ वर्षांचे, खडकीच्या अम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त. तरुणपणी अलका आणि वेस्ट एंडला बरेच इंग्रजी पिक्चर बघितलेत, पण नावं विचारली की "तो घोड्यांच्या शर्यतीचा" इतकंच सांगतात. सासूबाईंना इंग्रजी वाचता येतं, भराभर बोललेलं कळत नाही, आणि अकराच्या ठोक्याला त्यांचे डोळे मिटतात. मुलीची दहावी नुकतीच संपलीय, ब्लॅक अँड व्हाइट म्हटलं की नाक मुरडते. नवऱ्याला काहीही चालतं, कारण तो विसाव्या मिनिटाला झोपतो.

सासऱ्यांची अट एकच, सिनेमाला ऑस्कर मिळालेलं हवं. "कुणीतरी आधी तपासून घेतलेला बरा." माझी अट अशी की मध्येच कुणाला उगाच पाणी प्यायला उठावं लागू नये. समजून घ्या.

---

स्प्रेडशीट

सोपं आहे. ऑस्करच्या संख्येने उतरत्या क्रमाने लावा. बेन-हर (१९५९) ११, वेस्ट साइड स्टोरी (१९६१) १०, मग गॉन विथ द विंड (१९३९), ऑन द वॉटरफ्रंट (१९५४) आणि माय फेअर लेडी (१९६४), तिघांना प्रत्येकी ८. गॉन विथ द विंडला वर दोन मानाची मिळालीत, ती मी धरली नाहीत. काकांचा घोड्यांच्या शर्यतीचा म्हणजे बेन-हरच. पाच शनिवारांची सोय झाली.

---

रीळवाला

स्प्रेडशीटराव, या क्रमाने गेलात तर दुसऱ्या शनिवारी सूनबाईंच्या घरी परत मालिका लागलेली असेल.

मी कॅम्पातल्या एका थेटरात ऑपरेटर होतो. नोकरीची सगळी वर्षं पिक्चर बघितले ते बूथच्या वीतभर काचेतून. दोन मशीन सुरू असताना त्या खोलीत संवाद अर्धेमुर्धेच ऐकू यायचे, आणि आमचं इंग्रजी तरी कुठे धड होतं. त्यामुळे माझी पारख साधी आहे. आवाज बंद असताना नुसत्या चेहऱ्यांवरून गोष्ट पोचते का? पोचत असेल तर तो पिक्चर टीव्हीवरही टिकतो. ऑस्कर किती मिळाली याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आधी बेन-हरचा निकाल लावतो. त्याची चौकट उंचीच्या पावणेतीन पटींहूनही जास्त रुंद आहे. तुमच्या टीव्हीची पावणेदोन पटींच्या आसपास. म्हणजे ५५ इंचांतला तिसरा हिस्सा वर-खाली काळा जाणार आणि मधल्या पट्टीत रथ मुंग्यांएवढे दिसणार. वर साडेतीन तासांची लांबी. सासूबाईंचे अकरा वाजतील तेव्हा शर्यत सुरूसुद्धा झालेली नसेल. असले पिक्चर राहुल थेटरच्या ७० एमएम पडद्यासारख्या जागी बघायचे. काकांना शर्यतच बघायची असेल तर तेवढा नऊ-दहा मिनिटांचा तुकडा दुपारी लावून द्या, खूश होतील. तो घेतलाय दुसऱ्या युनिटने, अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कॅनट यांनी. आज बघतानाही छातीत धस्स होतं.

आता उलटं बघा. १९५३ साली सिनेमास्कोप आला, म्हणजे रुंद पडद्याचं तंत्र. त्याआधीचे जवळपास सगळे पिक्चर चौकोनी चौकटीतले. ते लावले की डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या येतात, पण उंची पूर्ण मिळते, आणि उंची पूर्ण म्हणजे चेहरा मोठा. बैठकीच्या खोलीत दहा फुटांवरून बघायला याहून चांगलं काय पाहिजे? तेव्हा सुरुवात जुन्यापासूनच करा, मुलीने कितीही नाक मुरडलं तरी.

पहिल्या शनिवारी रोमन हॉलिडे (१९५३). दोन तासांना दोनेक मिनिटं कमी. राजकन्या दौऱ्यावर असताना गुपचूप राजवाड्याबाहेर पडते आणि एका बातमीदाराला भेटते, एवढीच गोष्ट. पिक्चर खुद्द रोममध्ये जाऊन घेतलेला आहे, म्हणून रस्ते खरे, स्कूटर खरी, ऊनही खरं. ऑड्री हेपबर्नचं हॉलिवूडमधलं हे पहिलंच मोठं काम, आणि त्यालाच ऑस्कर. एका दगडी तोंडात हात घालायचा प्रसंग आहे. खोटं बोलणाऱ्याचा हात ते तोंड खातं म्हणे. बातमीदार झालेल्या ग्रेगरी पेकने हात बाहीत लपवून ठेवला, हे तिला आधी सांगितलंच नव्हतं असं म्हणतात. त्या क्षणी मुलीकडे बघा, फोन बाजूला पडलेला असेल.

पिक्चर संपल्यावर काकांना एक गोष्ट जरूर सांगा. या पिक्चरच्या कथेचं ऑस्कर तेव्हा ज्याला मिळालं त्याने ती लिहिलेलीच नव्हती. लिहिली होती डाल्टन ट्रम्बोने, आणि तो कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडच्या काळ्या यादीत होता, तुरुंगात जाऊन आलेला. त्याच्या नावावर काही विकलंच गेलं नसतं, म्हणून मित्राने, इयन मॅक्लेलन हंटरने, आपलं नाव दिलं. ट्रम्बो १९७६ साली गेला. अकादमीने ते ऑस्कर त्याच्या बायकोच्या हातात दिलं १९९३ मध्ये. काकांच्या "तपासून घेतलेल्या" शिक्क्याचं हे असं असतं.

दुसऱ्या शनिवारी इट हॅपन्ड वन नाइट (१९३४), पावणेदोन तास. हा सासूबाईंसाठी. दहा मिनिटांत त्या म्हणतील, "अगं, हा तर राज कपूर-नर्गिसचा चोरी चोरी!" तोच आहे, फक्त बावीस वर्षं आधीचा. मुलगी म्हणेल, आमिर खानचा दिल है के मानता नहीं. तोही हाच. श्रीमंत बापाची पळालेली पोर, नोकरी गेलेला बातमीदार आणि एसटीसारखा बसप्रवास. पिक्चर, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा ही पाचही मोठी ऑस्कर मिळवणारा हा पहिला पिक्चर. नायिका क्लॉडेट कोल्बेअर हिला स्वतःला जिंकायची इतकी खात्री नव्हती की समारंभाच्या रात्री ती न्यू यॉर्कची गाडी पकडायला स्टेशनवर गेली होती. तिथून तिला प्रवासाच्या कपड्यांतच उचलून आणलं.

आता माझा लाडका. द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज (१९४६). हा, रोमन हॉलिडे आणि बेन-हर तिन्ही एकाच माणसाचे, विल्यम वायलरचे. लांबी पावणेतीन तासांच्या वर आहे, तेव्हा शनिवार-रविवार असे दोन भाग करा. युद्ध संपवून तीन सैनिक एकाच गावात परततात. एक बँकेतला साहेब, एक सोडा फाउंटनवर काम करणारा, आणि एक दोन्ही हात गमावलेला खलाशी पोऱ्या. त्या पोराचं काम करणारा हॅरल्ड रसेल नट नव्हता. सैन्यात स्फोटकांचं प्रशिक्षण देताना त्याचे हात खरोखर गेले होते, पडद्यावर दिसतात ते लोखंडी आकडे त्याचे रोजचे. त्याला काही स्पर्धेत बक्षीस मिळणार नाही असं धरून अकादमीने एक मानाचं ऑस्कर आधीच ठरवून ठेवलं होतं. आणि त्याच रात्री तो सहायक नटाचं ऑस्करही जिंकला. एकाच भूमिकेला दोन ऑस्कर मिळालेला माणूस हा एकटाच.

यातला एक शॉट सांगतो, तेवढ्यासाठी तरी सगळ्यांना जागं ठेवा. दारूच्या गुत्त्यात हा पोरगा आकड्यांनी पियानो वाजवतोय, अगदी पुढे. बँकवाला पियानोला टेकून उभा. तिसरा पार मागे, कोपऱ्यातल्या टेलिफोनच्या खोक्यात, अंगठ्याएवढा दिसणारा. तो फोनवर जे बोलतोय त्याने बँकवाल्याच्या पोरीचं मन मोडणार आहे. आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही. बँकवाला पियानोकडे बघून हसतो, हळूच मान वळवून मागे बघतो, परत हसतो. कॅमेरा फोनजवळ जातच नाही. पुढचा पियानो आणि मागचा फोन दोन्ही सारखेच लख्ख. हे ग्रेग टोलंडचं काम, सिटिझन केन या पिक्चरचा कॅमेरा त्याचाच. आम्ही बूथमध्ये फोकसची चकती फिरवून फिरवून नाकी नऊ येईपर्यंत जे साधायचं ते त्या माणसाने शूटिंगच्या वेळीच करून ठेवलं होतं. माझी बिनआवाजाची परीक्षा या शॉटवरूनच आलीय असं समजा.

आणि काका खडकीत नोकरी केलेले. वानवडीच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरच्या बाहेर बसलेली जवान पोरं त्यांनी बघितली असणार. त्यांना या पिक्चरची ओळख करून द्यावी लागणार नाही.

बाकीचे भरभर. कासाब्लांका (१९४२) फक्त प्रेमकहाणी म्हणून बघू नका. कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणत असतात आणि बाकी सगळे उठून फ्रान्सचं राष्ट्रगीत सुरू करतात, तिथे नीट लक्ष द्या. त्या गर्दीतले बरेच जण खरोखर हिटलरच्या तावडीतून पळून आलेले होते. डोळे भरून गाणारी मादलेन लबो त्यातलीच. ऑन द वॉटरफ्रंटमध्ये पोरीचा हातमोजा खाली पडतो, नायक ब्रँडो तो उचलतो आणि बोलता बोलता स्वतःच्याच हातात घालतो. ती मागतेय आणि हा देत नाही. प्रेम जमलं हे त्या मोज्यावरून कळतं. यातला मोटारीतला दोन भावांचा प्रसंगही नावाजलेला आहे. गाडीच्या मागच्या काचेला पट्ट्यांचा पडदा आहे ना, तो हौसेचा नाही. मागे पळणारा रस्ता दाखवायची सोय सेटवर झाली नव्हती, म्हणून काचच झाकून टाकली.

द अपार्टमेंट (१९६०) मला फार आवडतो, पण सासू-सासरे शेजारी असताना लावू नका. साहेब लोक प्रकरणं करायला कारकुनाची खोली वापरतात असा विषय, मध्ये झोपेच्या गोळ्यांचाही प्रसंग आहे. तुम्ही नवरा-बायको बघा. हिंजवडीत नोकरी करणाऱ्याला त्यातलं ऑफिस ओळखीचं वाटेल. टेबलांच्या न संपणाऱ्या रांगा आहेत. मागे मागे टेबलं लहान करत नेली आणि सगळ्यात मागे लहान चणीची माणसं बसवली, म्हणून ते ऑफिस मैलभर लांब दिसतं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर साइज 'ओरिजिनल' करा. पडदा भरावा म्हणून चित्र ताणू नका, नाहीतर ऑड्री हेपबर्न गालफुगी दिसेल. 'व्हिव्हिड' काढून 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' ठेवा. मोशन स्मूदिंग नावाचा प्रकार बंद करा, त्याने कासाब्लांकाचा नायक बोगार्ट मालिकेतल्या जावईबापूंसारखा सरसर हलतो. आणि कासाब्लांकाची रंग दिलेली प्रत मिळाली तर घेऊ नका.

---

नाटकवेडी

रीळवाला, सगळं मान्य, पण माय फेअर लेडीला एका ओळीत तरी जागा द्यायची होतीत! पुण्यातल्या घरात सासूबाई असतील तर त्यांनी ती फुलराणी बघितलेलं असण्याची शक्यता दाट. पु.लं.नी ज्या नाटकावरून ते केलं त्याच बर्नार्ड शॉच्या पिग्मॅलियनवर हा सिनेमा बेतलेला आहे. भक्ती बर्वे डोळ्यांसमोर ठेवून ऑड्री हेपबर्नला बघायचं, मग घरात जी चर्चा होते ती सिनेमाहून रंगते. माझं मत विचाराल तर भाषा बदलत जाण्याची गंमत आपल्या फुलराणीत जास्त आहे.

दोन मजेशीर गोष्टी. हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने म्हटली आहेत. आपल्याला पार्श्वगायनाचं काय कौतुक, पण तिकडे त्यावरून बरीच नाराजी झाली. रंगभूमीवर ही भूमिका गाजवलेल्या ज्युली अँड्र्यूजला सिनेमात घेतलं नव्हतं, आणि त्याच वर्षीचं नटीचं ऑस्कर तिला मिळालं, मेरी पॉपिन्ससाठी. हेपबर्नला साधं नामांकनही नाही. दुसरी गोष्ट, शॉला स्वतःला १९३८ च्या पिग्मॅलियन सिनेमाच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालेलं आहे. नोबेल आधीच होतं.

---

रीळवाला

मान्य. पण तोही पावणेतीन तासांचा आहे, रविवारी दुपारी जेवणानंतर लावा. गाणी आहेत, मध्ये डुलकी लागली तरी बिघडत नाही.

---

कोथरूडची_सून

काका, तुमचं उत्तर मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. लिंब सेंटरचं आलं तेव्हा सासरे म्हणाले, "तो दोन भागांत नको, मी एका बैठकीत बघणार, तुम्ही झोपा." आता शंका दोन. सबटायटल लावू का? मुलगी म्हणते त्याने चित्रावरून लक्ष उडतं. आणि सासऱ्यांच्या जुन्या मित्रांनी ट्वेल्व्ह अँग्री मेन सुचवलाय, पण त्याला एकही ऑस्कर नाही म्हणे. मग अट मोडायची का?

---

रीळवाला

अट खुशाल मोडा. त्याला (१९५७) तीन नामांकनं होती, हाती काही लागलं नाही. पण बर्लिनला सुवर्ण अस्वल मिळालं, तो शिक्का काकांना दाखवा. दीड तासाच्या थोडा वर. जवळजवळ सगळा एका खोलीत घडतो, म्हणजे टीव्हीसाठीच केल्यासारखा, आणि गोष्ट मुळात टीव्हीवरच्या नाटकाची होतीही. एक रुका हुआ फैसला काकांनी बघितला असेल तर शेवट माहीत असेल, तरी बिघडत नाही. यात कॅमेरा बघा. सुरुवातीला तो माणसांच्या डोक्यांच्या वरून बघतो, पुढे डोळ्यांच्या पातळीला येतो, शेवटी खालून बघतो. भिंगंही बदलत नेलीत, त्यामुळे भिंती जवळ जवळ येत गेल्यासारख्या वाटतात. छत दिसायला लागलं की समजा, आता कुणीतरी फुटणार.

सबटायटल लावा. इंग्रजीच लावा. सासूबाई वाचतील, आणि खरं सांगायचं तर बाकीचेही चोरून वाचतील. मी स्वतः या सगळ्या पिक्चरमधले संवाद आता टीव्हीवर पहिल्यांदा पूर्ण समजून घेतोय. बोगार्ट काय तिरकस बोलतो ते मला निवृत्तीनंतर कळलं.

मुलीला एक उद्योग द्या. जुन्या प्रतीवरून घेतलेला पिक्चर असेल तर रीळ संपत आलं की उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की आम्ही दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायचो. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका, की लगेच चेंजओव्हर, म्हणजे पहिलं मशीन बंद आणि पडद्यावर दुसरं. साफसूफ केलेल्या नव्या प्रतींत ते पुसून टाकतात, पण एखाददुसरा राहतो. रीळ साधारण वीस मिनिटांचं. म्हणजे तुमचे यजमान बरोबर एक रीळ बघून झोपतात, दुसरं मशीन सुरू करायला त्यांना हलवून उठवा.

---

स्प्रेडशीट

ठीक आहे, माझी यादी बाद. पण गॉन विथ द विंडचं काय? तो तर १९३९ चा, म्हणजे तुमच्या चौकोनी चौकटीतला. चेहरे मोठे, रंगीतही आहे. मुलीची तक्रार मिटली.

---

रीळवाला

चौकटीचं बरोबर धरलंत. लावायला माझी हरकत नाही, पण पावणेचार तासांच्या वर आहे आणि गुलामगिरीच्या काळाचं गोडगोड चित्र रंगवलेला आहे. मुलगी दहावी झालीय, इतिहास ताजा असेल, तिला हे आधीच सांगून ठेवा.

त्यात मॅमी या गुलाम दाईचं काम केलेली हॅटी मॅकडॅनिएल ही ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. अटलांटात पिक्चरचा पहिला खेळ झाला तेव्हा वर्णभेदाच्या नियमांमुळे तिला जाता आलं नाही. १९४० च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात समारंभ होता, तिथेही गोऱ्यांनाच प्रवेश. निर्माता सेल्झनिकने शब्द टाकला म्हणून तिला आत घेतलं आणि आपल्या पिक्चरच्या मंडळींपासून वेगळं, भिंतीकडच्या छोट्या टेबलावर बसवलं. त्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय नटीला ऑस्कर मिळायला पन्नास वर्षं गेली, व्हूपी गोल्डबर्गला.

मध्यंतर पिक्चरमध्येच आहे, तिथे बंद करा. उरलेला रविवारी.